साताऱ्याएवढी एक चौकट: हवामान मॉडेलचे आकडे जिल्हा आराखड्यात कसे आणायचे

पृथ्वीच्या हवामानाची बहुतेक जागतिक मॉडेलं साधारण शंभर किलोमीटर बाजूच्या चौकटींवर चालतात. अशी एक चौकट म्हणजे दहा हजार चौरस किलोमीटर. सातारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,480 चौरस किलोमीटर. म्हणजे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं महाबळेश्वर, हजाराच्या आत राहणारी वाई आणि पाचशेच्या आसपास रखडणारा माण तालुका या सगळ्यांसाठी मॉडेलकडे पावसाचा आकडा एकच. सह्याद्रीचा कडा त्याला दिसत नाही. दिसतो तो एक बसका उंचवटा.

तरी जिल्ह्याचा हवामान आराखडा करायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "2050 साली आपल्याकडे पाऊस किती?" मग कुठल्यातरी संकेतस्थळावरून रंगीत नकाशा उतरवला जातो, त्यातला आकडा दशांशासकट अहवालात जातो आणि पुढं कुणी त्याकडे बघत नाही. मॉडेल काय सांगू शकतं याचा अंदाज घेऊन प्रश्न विचारला, तर याच आकड्यांतून कामाची माहिती निघते. ती कशी काढायची, हे साताऱ्याचं उदाहरण धरून लिहितो. जिल्हा परिषदेत, पाणलोटाच्या कामात, शेतकरी कंपनीत किंवा पत्रकारितेत असलेल्या आणि एक्सेल चालवता येणाऱ्या कुणालाही यातलं बरंचसं जमेल. पायथॉन येत असेल तर वेळ वाचेल, एवढंच.

आधी निर्णय लिहून काढा

नकाशा उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा: निर्णय कोणता, तो कोण घेणार, त्याचा परिणाम किती वर्षं टिकणार आणि कुठला उंबरठा ओलांडला की निर्णय बदलेल. साताऱ्यात असे तीन निर्णय सहज सापडतात.

पाटण तालुक्यातल्या घाटरस्त्यावर मोरी बांधायची आहे. ती पन्नास वर्षं टिकायला हवी. अभियंत्याला पावसाची वार्षिक सरासरी नको असते. एका दिवसात, शक्यतो एका तासात, जास्तीत जास्त किती पाणी येईल ते हवं असतं.

माणमध्ये गावांचा पाणी आराखडा करायचा आहे. तिथं हंगामाच्या एकूण पावसापेक्षा खंड महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये सलग तीन आठवडे कोरडे गेले तर बाजरी हातची जाते, मग सप्टेंबरात पाऊस बरसून सरासरी भरली तरी उपयोग नाही.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी तिसरी. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पिकाला फुलं धरायला थंड रात्री लागतात. इथं पाहायचं ते ऑक्टोबर ते जानेवारीचं किमान तापमान. निर्णयही छोटा आहे: येत्या दहा-पंधरा वर्षांत कुठली वाणं लावायची आणि किती उंचीवर.

तिन्ही निर्णयांना वेगळे आकडे लागतात आणि त्यांवर ठेवायचा भरवसाही वेगळा असतो. तापमानाचा आकडा सगळ्यांत भरवशाचा, हंगामी पावसाचा त्याहून कच्चा, घाटातल्या एका दिवसाच्या पावसाचा सगळ्यांत कच्चा. हा क्रम आराखड्याच्या पहिल्याच पानावर टाका.

चौथा प्रकार या यादीत नको. कोयना धरणातून उद्या किती विसर्ग सोडायचा हा हवामान अंदाजाचा प्रश्न आहे, हवामान बदलाच्या मॉडेलचा नाही. त्यासाठी हवामान खात्याचे अंदाज आहेत. मे 2025 पासून पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या जाळीवर, म्हणजे तेवढ्या बाजूच्या चौकटींवर, चालते. बैठकांत हे दोन्ही विषय हटकून एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करण्यात पहिला अर्धा तास गेला तरी चालेल.

मागची साठ-सत्तर वर्षं

भविष्याकडे जाण्याआधी भूतकाळ नीट मांडा. हवामान खात्याचा चौकटीनुसार रोजचा पाऊस 1901 पासून पाव अंशाच्या जाळीवर मोफत मिळतो. हा अंश अक्षांश-रेखांशाचा, पाव अंश म्हणजे सुमारे 27 किलोमीटर. त्यात सातारा जिल्हा चौदा-पंधरा चौकटींत बसतो. तापमानाची जाळी एक अंशाची, 1951 पासूनची. पायथॉनमध्ये या फाइली उघडायला 'आयएमडीलिब' नावाचं छोटं साधन आहे.

राज्यात महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत बसवली आहेत. स्थानिक फरक कळायला ती उत्तम. पण त्यांच्या नोंदी आठ-दहा वर्षांच्याच, म्हणून संदर्भकाळ, म्हणजे ज्याच्याशी भविष्याची तुलना करायची तो मागचा काळ, ठरवायला त्या पुरत नाहीत. संदर्भकाळ किमान वीस, शक्य तर तीस वर्षांचा घ्या. तालुक्याच्या जुन्या पर्जन्यमापकाच्या नोंदवह्या मिळाल्या तर त्या सोन्याच्या मोलाच्या. त्यांची जाळीच्या आकड्यांशी ताडणी करा. घाटमाथ्यावर मापक विरळ असल्यामुळे जाळीतला पाऊस तिथं प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो.

सिनॅरिओ निवडताना

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालात हरितवायूंच्या उत्सर्जनाचे पाच मुख्य मार्ग, म्हणजे सिनॅरिओ, धरले आहेत. शतकाच्या शेवटी, म्हणजे 2081 ते 2100 मध्ये, जग 1850–1900 च्या तुलनेत किती तापलेलं असेल याचा त्यांचा मध्यवर्ती अंदाज असा: सगळ्यांत कडक कपातीच्या मार्गावर 1.4 अंश, त्यानंतर 1.8, मधल्या मार्गावर 2.7, मग 3.6, आणि सगळ्यांत वाईट मार्गावर 4.4.

अहवाल लिहिणाऱ्यांना शेवटच्या मार्गाचा फार मोह असतो, कारण त्याचे नकाशे लालभडक येतात. ऊर्जाक्षेत्रातल्या घडामोडी पाहता अशा भरमसाट उत्सर्जनाची शक्यता कमी धरली जाते, हे सहाव्या अहवालातच नोंदवलेलं आहे. आराखड्याचा मुख्य पाया मधल्या मार्गावर ठेवा. वाईट मार्ग 'बांधकाम तेव्हाही टिकेल का' एवढं तपासण्यापुरता वापरा.

खरं तर येत्या वीस-तीस वर्षांसाठी सिनॅरिओवर वाद घालण्यात अर्थ नसतो. तोवर सगळे मार्ग जवळजवळच चालतात. या काळात पावसातली अनिश्चितता येते ती मोसमी पावसाच्या स्वतःच्या लहरीपणातून आणि मॉडेलांमधल्या फरकांतून.

त्याहून सोयीची एक रीत आहे, ती मी आता पहिली वापरतो: वर्ष विचारायचंच नाही, तापमानाची पातळी विचारायची. "जग 2 अंशांनी तापलेलं असेल तेव्हा साताऱ्यात काय बदल?" कुठल्या मॉडेलमध्ये ही पातळी लवकर येते, कुठल्यात उशिरा. प्रत्येकातली ती वीस वर्षं शोधायची आणि त्या काळातला बदल मोजायचा. याचा मोठा फायदा म्हणजे 'तापट' मॉडेलांचा त्रास कमी होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी किती तापेल याचा आयपीसीसीचा मध्यवर्ती अंदाज 3 अंश आहे, संभाव्य पट्टा 2.5 ते 4. पण ताज्या पिढीतली काही मॉडेलं 5 अंशांच्याही वर जातात. कॅनडाचं आणि ब्रिटनचं मॉडेल त्यांतलं. रशियाचं एक मॉडेल 2 च्याही खाली राहतं. या सगळ्यांची वर्षानुसार सरासरी काढली की तापट मॉडेलं सरासरीला ओढून नेतात. आयपीसीसीच्या संकेतस्थळावरच्या परस्परसंवादी ॲटलसमध्ये तापमानाच्या पातळीनुसार बदल थेट पाहता येतो, कोड लिहावा लागत नाही.

विदा (डेटा) कुठून घ्यायचा

जगभरातल्या मॉडेलांच्या तुलनात्मक प्रकल्पाची सहावी फेरी, सीएमआयपी6, हा सगळ्याचा मूळ साठा. त्यात पुण्याचं आयआयटीएम-ईएसएम हे भारतातून सहभागी झालेलं पहिलं मॉडेल आहे. अभिमानाची गोष्ट. पण 'आपलं आहे' म्हणून त्या एकाच मॉडेलवर आराखडा बेतू नका. त्याच्या वातावरणाच्या चौकटी शंभरपेक्षाही मोठ्या, सुमारे दोनशे किलोमीटरच्या आहेत.

जिल्ह्याच्या कामाला तीन साठे सोयीचे. नासाचा नेक्स-जीडीडीपी संच पाव अंशाच्या जाळीवर, रोजचा, 1950 ते 2100 असा आहे आणि गूगल अर्थ इंजिनमध्ये थेट वापरता येतो. आयआयटी गांधीनगरच्या विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दक्षिण आशियासाठी 13 मॉडेलांचे दुरुस्त केलेले आकडे प्रसिद्ध केले, तेही पाव अंशाचे आणि मोफत. तिसरा साठा कॉर्डेक्स दक्षिण आशियाचा. त्याचं समन्वयाचं काम आयआयटीएमकडे आहे आणि त्यात प्रादेशिक मॉडेलं 50 किलोमीटरच्या जाळीवर चालवलेली आहेत.

पहिल्या दोन साठ्यांची जाळी बारीक दिसते म्हणून हुरळून जाऊ नका. त्यांत मूळ शंभर किलोमीटरच्या आकड्यांना निरीक्षणांच्या आधारे संख्याशास्त्रीय दुरुस्ती देऊन बारीक केलं आहे. सह्याद्रीचा भौतिक परिणाम नव्याने गणलेला नाही. निरीक्षणांची जाळी घाटात जिथं चुकते, तिथं हे आकडेही चुकतात.

एकच मॉडेल कधीही घेऊ नका. दहा-बारा घ्या. आणि ती निवडण्यापूर्वी एवढं पाहा: त्या मॉडेलला पश्चिम भारतात पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो हे तरी कळतं का? मोसमी पाऊस महिनाभर उशिरा आणणारं मॉडेल खंडांच्या प्रश्नाला बाद.

फाइल उघडल्यावर

इथं नवखा माणूस हमखास अडतो, म्हणून जरा सावकाश.

मूळ फाइलीत पाऊस मिलिमीटरमध्ये नसतो. तो 'किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद' असा असतो. आकडा 0.0003 दिसला तर फाइल बिघडली असं समजू नका. दिवसाचे सेकंद 86,400. त्यानं गुणा, 25.9 मिलिमीटर मिळतात. एक चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा थर, त्यामुळे वेगळं रूपांतर लागत नाही. तापमान केल्व्हिनमध्ये असतं, त्यातून 273.15 वजा करा.

दुसरा सापळा कॅलेंडरचा. ब्रिटिश हवामान खात्याच्या मॉडेलांमध्ये वर्ष 360 दिवसांचं असतं, प्रत्येक महिना तीस दिवसांचा. तिथं 30 फेब्रुवारी असते आणि 31 जुलै नसते. इतर काही मॉडेलांत वर्ष कायम 365 दिवसांचं, लीप वर्ष नाही. एक्सेलमध्ये तारखांचे स्तंभ शेजारी शेजारी चिकटवले की काही दशकांनी एका मॉडेलचा जून दुसऱ्याच्या पावसाळ्याशी जुळेनासा होतो. म्हणून आधी प्रत्येक मॉडेलचं महिन्याचं किंवा हंगामाचं गणित स्वतंत्र करा, जोडणी नंतर.

तिसरी गोष्ट हवामान खात्याच्या फाइलींची. जिथं नोंद नाही तिथं पावसाच्या फाइलीत उणे 999 लिहिलेलं असतं. ते न वगळता सरासरी काढली की जिल्ह्याचा पाऊस शून्याखाली जातो. चूक लगेच दिसते, हे त्यातल्या त्यात बरं. न दिसणारी चूक दिवसाची आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि आकडा संपणाऱ्या तारखेला लावतात. 23 जुलैचा पाऊस म्हणजे बराचसा 22 तारखेला पडलेला. मॉडेलचा दिवस जागतिक वेळेनुसार, आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. हंगामाच्या बेरजेला यानं फरक पडत नाही. एखाद्या विशिष्ट अतिवृष्टीची तारखेवार तुलना करताना मात्र पडतो.

आकडा सोडा, फरक घ्या

मॉडेलच्या निव्वळ आकड्यावर काही बांधू नका. समजा एखादं मॉडेल महाबळेश्वरच्या चौकटीत आजचा पाऊस 1,500 मिलिमीटर आणि 2 अंशांच्या जगात 1,620 सांगतं. दोन्ही आकडे महाबळेश्वरसाठी निरुपयोगी. पण त्यांतला फरक, आठ टक्के वाढ, उपयोगी असू शकतो. तोच फरक प्रत्यक्ष मोजलेल्या पावसाला लावायचा. तापमानाला टक्के लावू नका, अंशांचा फरक बेरजेने लावा. महाबळेश्वरचं पठार सुमारे 1,350 मीटर उंचीवर, मॉडेलची चौकट मात्र पुष्कळ खाली. उंचीनुसार तापमान बदलत असल्यामुळे मूळ आकड्यात काही अंशांची तफावत येणारच, ती फरकाच्या पद्धतीत गळून पडते. म्हणून स्ट्रॉबेरीच्या प्रश्नाला ही रीत चांगली पुरते: मोजलेल्या रात्रीच्या तापमानात बदल मिळवा आणि पिकाच्या उंबरठ्याखाली किती रात्री उरतात ते मोजा.

खंडासाठी ही रीत तोकडी पडते. सगळ्या दिवसांना एकच टक्का लावला तर कोरडे दिवस तेवढेच राहतात. त्यासाठी प्रत्येक मॉडेलच्या रोजच्या आकड्यांवरून, अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे सलग दिवस मोजा, आधी संदर्भकाळात आणि मग भविष्यात. एक काळजी घ्या: मूळ मॉडेलांत रोज थोडीथोडी रिमझिम पडत राहते, त्यामुळे खंड कृत्रिमपणे तुटतात. दुरुस्त केलेले साठे इथं जास्त बरे.

घाटातल्या अतिवृष्टीसाठी मागची घटनाच वापरा

23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरडी कोसळल्या. शंभर किलोमीटरची चौकट असा दिवस निर्माणच करू शकत नाही, आणि संख्याशास्त्रीय दुरुस्ती त्याला आणू बघते तेव्हा ती अंदाजानेच ताणते.

म्हणून मोरीच्या प्रश्नाला उलट्या बाजूने जा. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र मॉडेलच्या जाळीवर अवलंबून नाही. 1995–2014 या संदर्भकाळात जग आधीच 0.85 अंशाने तापलेलं होतं. 2 अंशांपर्यंत जायला उरले 1.15, म्हणजे बाष्पात साधारण आठ टक्के वाढ. ढगांच्या आतल्या उलाढालींमुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस याहूनही जास्त वाढू शकतो. तेव्हा अभियंत्याच्या आजच्या डिझाइनच्या पावसाला आठ आणि पंधरा टक्के अशा दोन वाढी लावा. शिवाय 2021 चा तो दिवस जसाच्या तसा, आणि मग दहा टक्के वाढवून, त्या ओढ्यावर चालवून बघा. मोरी टिकते का? नाही टिकली तर पाणी कुठून वाट काढेल आणि खाली कोणती घरं आहेत?

कार्यकारी अभियंत्याशी बोलताना हा भाग सगळ्यांत सोपा जातो, असा माझा अनुभव आहे. 'एसएसपी' (उत्सर्जनाच्या मार्गांचं तांत्रिक नाव) वगैरे शब्द ऐकून डोळे मिटणारी माणसं 2021 चं नाव निघालं की पुढं सरकून बसतात.

एखाद्या मॉडेलने एका दिवसाच्या पावसात साठ टक्के वाढ दाखवली, तर ती अहवालात टाकण्याआधी आठ टक्क्यांच्या या साध्या हिशेबाशी ताडून पाहा. इतका फरक कुठून आला याचं कारण सापडलं नाही तर तो आकडा बाजूला ठेवा.

उतरती रेघ आणि चढती रेघ

एक प्रश्न बैठकीत येणारच, त्याची तयारी ठेवा. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये भारतापुरता हवामान बदलाचा आढावा प्रसिद्ध केला, त्याचं काम पुण्याहूनच झालं. त्यानुसार 1951 ते 2015 या काळात भारतातला मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि पश्चिम घाट हा ठळक घट दिसलेल्या भागांपैकी एक. बहुतेक मॉडेलं मात्र पुढं मोसमी पाऊस वाढेल म्हणतात. मग खरं काय?

दोन्ही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात धूर, सल्फेट आणि इतर प्रदूषक कणांनी उन्हाचा काही भाग अडवला, जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक कमी झाला आणि मोसमी वारे मंदावले. हरितवायूंचा परिणाम उलट दिशेचा, बाष्प वाढवणारा. पुढच्या दशकांत प्रदूषक कण घटतील आणि हरितवायू साचत राहतील असं धरलं तर दुसरा परिणाम वरचढ ठरतो. तो नेमका केव्हा वरचढ ठरेल हे आशियातलं प्रदूषण किती वेगाने कमी होतं यावर अवलंबून. म्हणून मागच्या सत्तर वर्षांच्या आलेखाला पट्टी लावून रेघ पुढं ओढू नका. आणि माणच्या लोकांना "पाऊस वाढणार" असंही सांगू नका. त्याच आढाव्यात मध्य भारतात दिवसाला दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाच्या घटना 1950 ते 2015 मध्ये सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्याचंही नोंदवलं आहे. एकूण पाऊस घटला आणि अतिवृष्टी वाढली, हे दोन्ही एकाच काळात घडलं. माणचा पाणी आराखडा 'पाऊस वाढला' आणि 'पाऊस घटला' अशा दोन्ही चित्रांत चालेल असाच करावा लागेल.

'जुळी पृथ्वी' आली आहे, पण

युरोपीय संघाच्या डेस्टिनेशन अर्थ प्रकल्पाचं उद्घाटन 10 जून 2024 रोजी फिनलंडमधल्या कायानी इथं झालं, तिथल्या लुमी महासंगणकाच्या केंद्रात. त्यातली हवामान बदलाची डिजिटल पृथ्वी, म्हणजे संगणकातली पृथ्वीची जुळी प्रतिकृती, पाच किलोमीटरच्या जाळीवर चालते. या जाळीत साताऱ्याला एकाऐवजी चारशेहून अधिक चौकटी मिळतात. घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांतला फरक मॉडेलला स्वतःहून कळू लागतो.

पण एवढ्या बारीक जाळीवर गणित इतकं महाग पडतं की मॉडेल मोजक्याच वेळा चालवता येतं. दहा-बारा मॉडेलांच्या विस्तारातून जो अनिश्चिततेचा पट्टा मिळतो तो इथं मिळत नाही. चित्र स्वच्छ दिसतं म्हणून ते जास्त खरं असं होत नाही. सध्या तरी या आकड्यांचा वापर घाट आणि माण यांच्यातला बदल सारखाच आहे की वेगवेगळा, एवढं तपासायला करावा. पट्टा जुन्या मॉडेलांतूनच घ्यावा.

कागदावर उतरवताना

"2050 पर्यंत सातारा जिल्ह्याचे पर्जन्यमान 11.3 टक्क्यांनी वाढेल" असं वाक्य लिहू नका. त्याऐवजी मसुदा साधारण असा ठेवा: "जग 1850–1900 च्या तुलनेत 2 अंशांनी तापलं असताना, तपासलेल्या तेरापैकी अमुक मॉडेलांत जून ते सप्टेंबरचा पाऊस वाढतो, बाकीच्यांत घटतो. मधल्या मॉडेलचा बदल अमुक टक्के, टोकं अमुक ते अमुक. हे आकडे जिल्ह्याच्या सरासरीला लागू, घाटमाथ्याच्या एका दिवसाच्या पावसाला नाही." वाक्य लांबतं, पण जिल्हा नियोजन समितीत कुणी उलट विचारलं तर उभं राहतं. दशांश चिन्ह पावसाच्या टक्क्यांतून काढूनच टाका.

प्रत्येक आकड्यापुढं तो कुठल्या निर्णयासाठी आहे ते लिहा. निर्णय सापडला नाही तर आकडा परिशिष्टात ढकला.

शेवटी एक पान हिशेबाचं जोडा: कोणती मॉडेलं, कोणता सिनॅरिओ, संदर्भकाळ कोणता, फाइली कुठून आणि कोणत्या तारखेला उतरवल्या, कोणती मॉडेलं का वगळली. सीएमआयपीची सातवी फेरी सुरू झाली आहे, म्हणजे काही वर्षांत हे आकडे पुन्हा काढावे लागतील. तोवर तुमची बदली झालेली असेल, आणि टेबलावर नवीन आलेल्या माणसाला त्या एका पानावरूनच काम पुढं न्यावं लागेल.